बर्गन: चूल नसलेल्या घरांचं बंदर

उत्तरवारा

मध्ययुगातलं बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडी तट, बुरूज आणि धक्क्याला लागलेली गलबतं येतात. स्कँडिनेव्हियाचं नाव घेतलं की त्यात शिंगांचं शिरस्त्राण घातलेला व्हायकिंगही येऊन उभा राहतो. मी तीन वर्षांपासून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहरात राहते. भेटीला येणारे आपले लोक धक्क्यावरची लाल-पिवळी लाकडी घरं पाहून हेच विचारतात, "व्हायकिंग इथेच राहायचे का?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं, म्हणून हा धागा.

आधी व्हायकिंगांचं. परंपरेनुसार राजा ओलाव क्यिर्रे याने बर्गन वसवलं ते १०७० मध्ये, म्हणजे व्हायकिंग युग मावळताना. लुटीपेक्षा व्यापारात जास्त फायदा आहे हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, त्या काळातलं हे शहर. जुनं नाव ब्यॉर्गविन, म्हणजे डोंगरांमधलं कुरण. आजही सात डोंगर म्हणूनच त्याची ओळख सांगतात. डोंगरांच्या कुशीत वोगन नावाची लांबट, अरुंद खाडी आहे. बाहेर समुद्र कितीही खवळलेला असो, आतलं पाणी शांत असतं. त्या खाडीच्या ईशान्य काठावर ब्रिगन उभं राहिलं. ब्रिगन म्हणजे धक्का.

आता १३०० च्या आसपास आपण जहाजातून वोगनमध्ये शिरतोय असं समजा. डाव्या हाताला खाडीच्या तोंडाशीच होल्मेन, म्हणजे राजाचा परिसर. तिथे क्राइस्ट चर्च, जिथे राजांचे राज्याभिषेक आणि दफनविधी होत, आणि शेजारी राजा होकोन होकोन्सनने बांधलेला दगडी दरबार. उजव्या हाताला नॉर्डनेसचा सुळका आणि त्यावर मुंकेलिवचा मठ. समोर डाव्या काठाने लाकडी त्रिकोणी माथ्यांची रांगच्या रांग, पाण्याकडे तोंड करून. मागच्या चढावर चर्चचे मनोरे. शहराभोवती सलग तटबंदी नाही, वेस नाही. दगडी बांधकाम राजाचं आणि देवाचं, बाकी सगळं लाकडाचं. लोकसंख्या सुमारे ७,०००. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळात सगळ्या नॉर्वेत याहून मोठं शहर नव्हतं.

त्या माथ्यांच्या मागे काय होतं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समोरून दिसतं ते घराचं तोंड. घर मागे लांबच लांब जातं. एका वसाहतीला 'गोर' म्हणतात. आपण वाडा म्हणू, पण चौसोपी नाही, तर लांबोडका. दोन समांतर रांगा, मध्ये फळ्या टाकलेली अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना मजल्यावर चाळीसारखी लाकडी गॅलरी आणि तिथूनच खोल्यांत जायचं. पुढे धक्क्याला लागून गोदामं, मध्ये राहण्याच्या खोल्या, अगदी मागे रांधण्याची घरं, आणि त्याही मागे दगडी तळघरं.

हा क्रम आगीच्या भीतीने ठरवला आहे. माल पुढे, चूल मागे, आणि आगीपासून वाचायलाच हवं ते सगळं दगडात. पुढे जर्मन व्यापाऱ्यांच्या काळात तर गोरच्या लाकडी इमारतींत विस्तवच वर्ज्य होता. ना शेकोटी, ना दिवा. डिसेंबरच्या शेवटी इथे जेमतेम सहा तास उजेड असतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. अशा ठिकाणी माणसं बिनविस्तवाच्या, ओलसर, माशाच्या वासाच्या लाकडी खोल्यांत झोपत होती. ऊब मिळायची ती मागच्या बाजूच्या श्योटस्तुए नावाच्या सभागृहात. तिथे भट्टी असायची, गरम जेवण आणि बिअर मिळायची, शिकाऊ पोरांची शाळाही तिथेच भरायची. मी पहिल्या हिवाळ्यात ब्रिगनवरच्या एका रिकाम्या, बिनविस्तवाच्या खोलीत अर्धा तास उभी होते. अंगात आजच्या काळातलं जाड जाकीट होतं, तरी बोटं बधिर झाली. त्या दिवसापासून हे शहर माझ्यासाठी चित्रातलं राहिलं नाही.

एवढं सोसायचं ते एका माशासाठी. त्याबद्दल कुणी विचारलं तर सांगेन, नाहीतर हा धागा फक्त माशाचाच होईल.

---

दर्यासारंग

वाचनखूण साठवली. आणि मी विचारतोच, माशाबद्दल सांगा. आमच्याकडे वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळतात, तेही मीठ न लावता. पण आपल्याकडे कडक ऊन आहे. त्या ढगाळ देशात मासा वाळतो कसा?

---

उत्तरवारा

नेमका प्रश्न विचारलात. हा मासा बर्गनमध्ये वाळतच नाही. बर्गनच्या पावसात तो कुजेल. तो येतो पार उत्तरेहून, लोफोटन बेटांवरून. हिवाळ्यात कॉड मासा अंडी घालायला तिथल्या पाण्यात येतो. पकडला की डोकं काढून, पोट साफ करून, शेपटीपाशी दोन-दोन मासे बांधून लाकडी मांडवांवर टांगतात, साधारण फेब्रुवारी ते मे. तापमान शून्याच्या आगेमागे असतं. फार गोठलं तर मांस फाटतं, ऊब वाढली तर सडतं. तिथे समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे थंडी नेमकी त्या मधल्या रेषेवर रेंगाळते, वारा सतत वाहतो आणि माश्या अजून आलेल्या नसतात. उन्हाचं काम तिथे थंड वारा करतो. वाळल्यावर वजन साधारण पाचव्या हिश्शावर येतं आणि मासा लाकडासारखा टणक होतो. खाण्याआधी कुटावा लागतो, भिजवावा लागतो. पण तो वर्षानुवर्षं टिकतो.

आता दुसरं टोक पाहा. युरोपभर ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस, त्यात ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, मांस वर्ज्य. मासा चालतो. समुद्रापासून लांब राहणाऱ्या जर्मन शहरांना न सडणारा मासा हवा होता. आणि नॉर्वेला धान्य हवं होतं, कारण इथे शेतीची जमीन फार थोडी. बाल्टिककाठची राय (एक धान्य) ल्युबेक या जर्मन बंदरामार्गे बर्गनला यायची आणि मासा परत जायचा. बर्गन हे या दोन गरजांच्या मधलं गोदाम. गोरच्या पुढच्या भागाचा आकारही त्यावरूनच ठरला. प्रत्येक गोरपुढे धक्क्यावर एक उंच खांब आणि त्यावर आडवा दांडा असलेली यारी असे, विहिरीवरच्या ओकतीसारखी. तिने सुक्या माशांचे गठ्ठे बोटीतून थेट वर उचलत. मग प्रतवारी करणारा माणूस लांबी, जाडी, रंग, वास पाहून मासा वेगवेगळ्या राशींत टाकी. व्यापाराचा सगळा नफा त्याच्या नजरेवर. जर्मन व्यापाऱ्यांच्या इथल्या ठाण्याच्या चिन्हात एका बाजूला अर्धा गरुड आहे आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर मुकुट असलेला सुका मासा.

---

जुनेपाने

चांगला धागा, पण एक मुद्दा खटकतो. तुम्ही जिचं वर्णन करताय ती हान्सा संघाची, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाची, वसाहत आहे. चूलबंदी, सभागृहं, शिकाऊ मुलं, हे सगळं जर्मनांचं. मग याला 'स्कँडिनेव्हियन' शहर कशाला म्हणायचं? ल्युबेकची शाखा म्हणा.

---

उत्तरवारा

हा समज इथे बर्गनमध्येही आहे, म्हणून जरा लांबीने लिहिते.

हान्सा संघाचं कार्यालय इथे रीतसर उभं राहिलं ते १३६० च्या सुमारास. लंडन, ब्रुज, नोव्हगोरोद आणि बर्गन अशी त्यांची चार मोठी परदेशी ठाणी. पण तोवर बर्गनला जवळपास तीनशे वर्षं झाली होती. स्वेर्रे या नॉर्वेच्या राजाच्या गाथेत, म्हणजे त्याच्या जुन्या चरित्रकथेत, त्याचं ११८६ सालचं बर्गनमधलं एक भाषण आहे. विषय दारूबाजी. त्यात तो गहू, मध, पीठ आणि कापड आणणाऱ्या इंग्रजांचे आभार मानतो. ऑर्कनी, शेटलंड, फॅरो, आइसलँडहून येणाऱ्यांचेही मानतो. आणि जर्मनांवर मात्र चिडतो, कारण ते लोणी आणि सुका मासा घेऊन जातात आणि बदल्यात वाइन ओततात. म्हणजे त्या वेळी जर्मन होते, पण अनेकांपैकी एक.

१२१७ मध्ये इंग्लंडशी व्यापारी करार झाला, १२५० मध्ये ल्युबेकशी. १२४७ मध्ये पोपचा प्रतिनिधी होकोनच्या राज्याभिषेकाला आला, तेव्हा बंदरातल्या जहाजांची गर्दी पाहून त्याने आश्चर्य व्यक्त केल्याचं होकोनच्या गाथेत आहे. त्या समारंभाची मेजवानी राजाला एका भल्यामोठ्या नौकाघरात द्यावी लागली, कारण तेवढं मोठं दालनच नव्हतं! पुढे १२६१ मध्ये मुलाच्या, माग्नुसच्या लग्नाला आणि राज्याभिषेकाला दगडी दरबार तयार होता.

पारडं फिरलं ते नंतर. १२८४ मध्ये उत्तर जर्मन शहरांनी नॉर्वेचं धान्य अडवलं आणि पुढच्या वर्षी राजाला नमतं घ्यावं लागलं. १३४९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या जहाजाबरोबर काळा मृत्यू, म्हणजे प्लेग, बर्गनला उतरला. आइसलँडच्या वार्षिक नोंदींत आहे की माल उतरून होण्याआधीच जहाजावरची माणसं मरू लागली. त्या साथीनंतर नॉर्वे कित्येक पिढ्या सावरला नाही. मोकळ्या पडलेल्या गोर एकेक करत जर्मनांच्या हाती गेल्या. पण लक्षात घ्या, गोरचा आकार त्यांनी बदलला नाही. जमिनीच्या लांबट पट्ट्या, मधली बोळ, पुढे धक्का, हे सगळं बाराव्या शतकातलं नॉर्वेजियन. जर्मन त्यात राहायला आले आणि त्यांनी त्याला कडक शिस्त लावली. म्हणून मी याला ल्युबेकची शाखा म्हणणार नाही.

---

जुनेपाने

स्वेर्रेचं भाषण माहीत नव्हतं. मुद्दा मान्य.

---

सुतारपक्षी

मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे माझा प्रश्न जमिनीखालचा. खाडीच्या काठावर, ओल्या जमिनीत, एवढं लाकूड उभं केलं कशावर? आणि भिंतींचं बांधकाम कसं?

---

उत्तरवारा

भिंती म्हणजे ओंडक्यांवर ओंडके. कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, म्हणजे खिळ्याची गरज नाही. गॅलऱ्या हलक्या, फळ्या-खांबांच्या, बाहेरून जोडलेल्या.

पाया हा तर या शहराचा खरा इतिहास आहे. सुरुवातीला घरं मूळ काठावर होती आणि प्रत्येक गोरचा आपापला छोटा धक्का खांबांवर पाण्यात गेलेला. मग ओंडक्यांचे चौकोनी पिंजरे पाण्यात सोडायचे, दगडमातीने भरायचे आणि त्यावर पुढचं घर. भराव कशाचा? दगड, जळालेली लाकडं, शेण, हाडं, फुटकी भांडी, चामड्याचे तुकडे, सगळ्या शहराचा केर. जुन्या जहाजाचे मोठाले वासेही पायाभरणीत वापरलेले सापडले. प्रत्येक आगीनंतर राख सपाट करायची आणि काठ आणखी थोडा पुढे ढकलायचा. जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागायला लागलं, तसा धक्काही खोल पाण्याकडे सरकला. तेराव्या शतकात हळूहळू सुटे धक्के जोडले जाऊन सलग फळ्यांचा रस्ता झाला. आज ब्रिगनवर चालताना आपण बहुतेक वेळ पूर्वीच्या समुद्रावर चालत असतो.

आगींची यादी मोठी आहे: ११७०, ११९८, १२४८, १३३२, १४१३, १४७६, १७०२. यातली ११९८ ची आग यादवी युद्धात शत्रूने लावली होती. आज दिसणारी घरं १७०२ नंतरची, पण जुन्याच पट्ट्यांवर, जुन्याच पद्धतीने बांधलेली.

---

सुतारपक्षी

म्हणजे जमिनीचा पट्टा टिकला, घरं बदलत गेली. आगी इतक्या, तर नगररचनेचे काही नियम होते का?

---

उत्तरवारा

होते. माग्नुस राजाने १२७६ मध्ये शहराचा वेगळा कायदा केला. तो इतिहासात 'कायदे सुधारणारा' म्हणूनच ओळखला जातो. रात्रीच्या पहारेकऱ्यांनी कोणत्या वाटेने फिरायचं, कोणत्या कारागिराने कुठे बसायचं, हे त्यात ठरवलेलं आहे. गोरच्या समूहांमध्ये काठापासून वरपर्यंत मोकळ्या पट्ट्या सोडत. त्यांना आल्मेनिंग म्हणतात, म्हणजे सर्वांची जागा. त्यातून पाणवठ्याला जायची वाट मिळायची आणि आगही अडायची. ब्रिगनच्या मागून समांतर जाणारा वरचा रस्ता, ओव्रेगातन, आजही आहे. तिथे चांभार बसत. पुढे जर्मन चांभारांमुळे त्याला चांभारगल्लीच म्हणू लागले. तिथून दोन पावलांवर मारिया चर्च आहे, बाराव्या शतकातलं, बर्गनमधली उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत. मी रोज कामावर जाताना त्याच रस्त्याने जाते.

---

ओली_माती

सगळं वाचलं, आवडलं. पण या शहरात बायका कुठे आहेत? व्यापारी, राजा, शिकाऊ पोरं, पहारेकरी, सगळे पुरुषच.

---

उत्तरवारा

बरं झालं विचारलंत. मीच आधी लिहायला हवं होतं.

जर्मन ठाण्यात खरोखरच बायकांना जागा नव्हती. तिथल्या व्यापाऱ्यांना आणि नोकरांना इथे असेपर्यंत लग्नाची मनाई होती. इथल्या लोकांत मिसळून माल आणि हिशोब बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पोरगा वयात येतायेता ल्युबेकहून यायचा, शिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं राबायचा. नवख्यांना 'खेळ' म्हणून जे सोसावं लागायचं, धुराने भरलेल्या धुराड्यात लटकवणं वगैरे, ते वाचताना मला त्रास होतो. ते खेळ अखेर १६७१ मध्ये राजाने बंद केले.

पण हे ब्रिगनचं उत्तरायुष्य झालं. त्याआधी गोरमध्ये कुटुंबं राहत होती, आणि ते कळलं एका आगीमुळेच. ४ जुलै १९५५ ला ब्रिगनचा मोठा भाग जळाला. ती जागा अस्ब्यॉर्न हर्टाइग या पुरातत्त्वज्ञाने पुढची तेरा-चौदा वर्षं खणली. राखेच्या थरांवरून त्याने काळ लावला. कोणत्या वर्षी शहर जळालं ते लिखित साधनांत होतंच, त्यामुळे थर मोजत खाली जाता आलं. ओल्या जमिनीत हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, कापड सगळं टिकलं होतं. हजारो चपला-जोड्यांचे तुकडे, सांबरशिंगांच्या फण्या, चात्या, विणकामाची हत्यारं, मुलांची खेळणी. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्सची मातीची भांडी. शौचकूपात शेवाळ, कारण ते पुसायला वापरत.

आणि सुमारे ६७० लेख, रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतले. रून म्हणजे फक्त स्मारकाच्या दगडांवर कोरायची लिपी, असा तोवर समज होता. इथे सापडल्या सुरीने कोरलेल्या साध्या लाकडी काटक्या. व्यापारी आपलं नाव कोरून ती पट्टी पोत्याला बांधायचा. कुणी प्रेमाच्या ओळी लिहिल्या, कुणी लॅटिन प्रार्थना, कुणी नुसती मुळाक्षरं गिरवली. त्यातल्या एका काटकीवर लिहिलंय: "ग्युदा म्हणते, घरी ये." बहुतेक कुठल्याशा गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला पाठवलेला निरोप. मागोमाग दुसऱ्या हाताने उत्तरादाखल काही खरडलंय, ते वाचता येत नाही. ग्युदाने स्वतः कोरलं की कुणाकडून कोरून घेतलं ते कळत नाही, पण ती तिथे होती आणि वाट पाहत होती.

---

ओली_माती

ही एक ओळ वाचून ते शहर जवळचं वाटलं. आभार.

---

निळी_रेघ

उशिरा आलो. मी गेल्या वर्षी ब्रिगन पाहिलं. घरं इतकी वाकडी झालीत की बोळात उभं राहिलं तर भिंती एकमेकांवर रेलल्यासारख्या दिसतात. हे नुसतं वय की आणखी काही?

---

उत्तरवारा

वय आहेच, पण मुख्य कारण पाणी. १९५५ मध्ये जळालेल्या जागेच्या काही भागावर पुढे हॉटेल झालं. त्याच्या तळघराच्या निचऱ्यामुळे शेजारची भूजलपातळी खाली गेली. भिजलेल्या थरांत हवा शिरली आणि इतकी शतकं टिकलेलं लाकूड आणि केर कुजायला लागला. जमीन खचली, तशी घरं खचली. मग कित्येक वर्षं मोजमापं घेऊन पावसाचं पाणी परत जमिनीत मुरवायची व्यवस्था केली गेली. पातळी वर आली आणि खचणं बरंच मंदावलं. ब्रिगन १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, साठएक इमारती उरल्यात, आणि सुतार आजही जुन्याच पद्धतीने ओंडके बदलत असतात. परत आलात तर त्यांची कार्यशाळा बघा.

---

दर्यासारंग

त्या काटक्यांपैकी व्यापाऱ्यांचं एखादं पूर्ण पत्र आहे का? धंद्यातली माणसं एकमेकांना काय लिहीत असतील, ते वाचायचंय.

---

उत्तरवारा

आहे. चौदाव्या शतकातलं, तोरिर फाग्र म्हणजे 'देखणा तोरिर' याने आपल्या भागीदाराला, हावग्रिमला लिहिलेलं. आशय माझ्या शब्दांत देते.

देवाचा आणि माझा नमस्कार, आपली भागी आणि मैत्री खरी. माझी फार ओढाताण चाललीय, गड्या. बिअर मिळाली नाही, मासाही नाही. तुला हे माहीत असावं एवढंच, तगादा लावू नकोस. घरमालकाला सांग, दक्षिणेला येऊन आमची अवस्था बघ म्हणावं. त्याला गळ घाल, पण माझ्याकडून काही मागू नकोस. आणि लांब्या थोर्स्टाइनला यातलं काही कळू देऊ नकोस. मला हातमोजे पाठव. सिग्रिदला काही लागलं तर ते तिला दे.